संदर्भ देणे आणि संदर्भ-व्यवस्थापन

संदर्भ देणे म्हणजे शोधनिबंध, प्रबंध, लेख किंवा ग्रंथ यांत केलेले विधान कोणत्या साधनावर आधारलेले आहे, हे वाचकाला ते साधन स्वतः गाठता येईल इतक्या नेमकेपणाने सांगणे होय. अशा साधनांच्या नोंदी गोळा करणे, त्या जपणे आणि लेखनात ठरावीक पद्धतीने मांडणे या कामाला संदर्भ-व्यवस्थापन म्हणतात. पूर्वी हे काम वही, चिठ्ठ्या आणि कार्डे यांवर होत असे. आता त्यासाठी झोटेरो, मेंडली, एंडनोट यांसारखी संगणकीय साधने वापरली जातात. साधन बदलले तरी मूळ अपेक्षा बदललेली नाही. लेखकाने जे पाहिले तेच सांगावे आणि जिथे पाहिले ते ठिकाण सांगावे, एवढीच ती अपेक्षा आहे.

संज्ञा

मराठी संशोधनात 'साधन', 'स्रोत' आणि 'संदर्भ' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. मात्र त्यांत भेद आहे. साधन म्हणजे मूळ वस्तू: पत्र, शिलालेख, ग्रंथ, मुलाखत. संदर्भ म्हणजे त्या वस्तूकडे बोट दाखवणारी नोंद. पानाच्या तळाशी दिलेल्या नोंदीस तळटीप, प्रकरणाच्या किंवा ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या नोंदीस अंत्यटीप म्हणतात. संदर्भसूचीत लेखनात प्रत्यक्ष उल्लेखिलेली साधने येतात. ग्रंथसूचीत विषयाशी संबंधित इतर वाचनही येऊ शकते. जुन्या प्रबंधांतून 'तत्रैव' (लगेच आधीच्याच साधनात), 'उ. नि.' म्हणजे उपरिनिर्दिष्ट (वर सांगितलेल्या ग्रंथात), 'पृ.', 'संपा.', 'अनु.', 'आ.' अशी संक्षेपचिन्हे आढळतात. 'तत्रैव' हा शब्द सुटसुटीत असला तरी धोकादायक आहे. मजकुरात मध्येच एखादी नवी टीप घातली की खालचा 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो, आणि ही चूक मुद्रितशोधकाच्याही सहसा लक्षात येत नाही.

मराठीतील परंपरा

मराठीत साधननिष्ठ लेखनाची शिस्त प्रामुख्याने इतिहाससंशोधनातून आली. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. माला पुढे बावीस खंडांपर्यंत गेली. या खंडांत कागदपत्रे 'लेखांक' देऊन छापलेली आहेत. त्यामुळे पुढील अभ्यासकाला खंड आणि लेखांक एवढे सांगून नेमक्या पत्रापर्यंत वाचकाला नेता येते. छपाईतील ही साधी सोय मराठी संशोधनाच्या फार उपयोगी पडली. आवृत्ती बदलली की पृष्ठांक बदलतो, लेखांक बदलत नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या पंचेचाळीस खंडांतही पत्रांना क्रमांक आहेत. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने कागदपत्रे मिळवणे, जपणे आणि छापणे हे काम संस्थात्मक पातळीवर चालवले.

साधन मिळाले म्हणजे ते विश्वसनीय ठरले असे नव्हे. वासुदेव सीताराम बेंद्रे यांचा 'साधन-चिकित्सा' हा १९२८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच प्रश्नाचा विचार करतो. साधन कोणी लिहिले, घटनेनंतर किती काळाने लिहिले, कोणाच्या आश्रयाने लिहिले, त्याची प्रत कोणी केली, हे प्रश्न संदर्भ देण्याआधीचे आहेत. त्यांची उत्तरे न शोधता केवळ तळटिपांची संख्या वाढवली तर निबंध विद्वत्तापूर्ण दिसतो, एवढेच.

इतिहासाबाहेर या परंपरेतील मोठे नाव शंकर गणेश दाते यांचे आहे. त्यांनी १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' दोन भागांत तयार केली. ग्रंथालयांतील पुस्तके पाहून, त्यांच्या नोंदी घेऊन एका माणसाने मुख्यतः स्वतःच्या कष्टांवर उभे केलेले हे काम अभ्यासकांत 'दाते सूची' या नावानेच ओळखले जाते. आजचा संगणकीय व्यवस्थापक जी माहिती मागतो, म्हणजे लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, स्थळ, वर्ष, ती बहुतेक या सूचीत सापडते. जुन्या मराठी पुस्तकावरील अपुरी माहिती पूर्ण करण्यासाठी ती आजही उघडावी लागते.

एक उदाहरण : रामशेज

संदर्भ तुटला म्हणजे काय होते, हे नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील रामशेज किल्ल्याच्या इतिहासलेखनावरून दिसते. नाशिकहून पेठकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, आशेवाडी गावाजवळ हा किल्ला आहे. औरंगजेब दक्षिणेत उतरल्यावर १६८२ मध्ये शहाबुद्दीनखानाने त्याला वेढा घातला. संभाजी महाराजांच्या काळातील या किल्ल्याने मोगलांना दीर्घकाळ दाद दिली नाही. शहाबुद्दीनखानानंतर खानजहान बहादुरालाही यश आले नाही. एवढा भाग सर्वमान्य आहे.

पुढे मात्र लेखनागणिक तपशील बदलतात. किल्ला किती काळ लढला? कोठे पाच वर्षे, कोठे साडेपाच, कोठे सहा, कोठे साडेसहा वर्षे असे आकडे दिलेले आढळतात. किल्लेदार कोण होता? त्याची निरनिराळी नावे ठामपणे सांगितली जातात आणि बहुतेक वेळा त्या नावापुढे कोणत्याही साधनाचा उल्लेख नसतो. एका पुस्तिकेतून दुसऱ्या पुस्तिकेत, तिथून भाषणात, भाषणातून फलकावर आणि फलकाच्या छायाचित्रावरून पुन्हा लेखात असा या माहितीचा प्रवास होतो. शेवटचा लेखक संदर्भ म्हणून फलक देतो. साखळी पूर्ण झाल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिचे पहिले टोक कोठेही बांधलेले नसते. चुकीच्या माणसाला श्रेय मिळाले तर ज्याने खरोखर गड राखला त्याचे नाव कायमचे झाकले जाते. त्यामुळे हा प्रश्न केवळ तळटिपांच्या टापटिपीचा नाही.

किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडी तोफा करून वापरल्या, ही रामशेजची सर्वांत लोकप्रिय हकिकत. ती खाफीखानाच्या 'मुन्तखब-उल-लुबाब' या फार्सी ग्रंथावरून येते. सोन्याच्या सापाच्या साहाय्याने किल्ला जिंकून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मांत्रिकाची कथाही तेथलीच. खाफीखानाने हा ग्रंथ अठराव्या शतकात, मुहम्मदशहाच्या कारकिर्दीत पूर्ण केला. म्हणजे वेढा आणि ग्रंथाची समाप्ती यांत सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे. या काळासाठी साकी मुस्तैदखानाचा १७१० साली पूर्ण झालेला 'मआसिर-इ-आलमगिरी' आणि दक्षिणेत मोगलांच्या चाकरीत असलेल्या भीमसेन सक्सेनाचा 'तारीख-इ-दिलकुशा' हीही साधने आहेत. तिन्ही मोगल पक्षाची आहेत. शत्रूने केलेली प्रशंसा म्हणून खाफीखानाच्या हकिकतीला एक प्रकारचे वजन आहे. उशिरा लिहिलेली आणि रंगवून सांगितलेली हकिकत म्हणून ती तपासून घेणेही आवश्यक आहे. मराठी साहित्याच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याने लाकडी तोफांचा उल्लेख जरूर करावा, परंतु 'खाफीखान सांगतो की' हे शब्द गाळू नयेत.

याच उदाहरणातून दुय्यम संदर्भाचा प्रश्न पुढे येतो. फार्सी न जाणणारा विद्यार्थी खाफीखान मुळातून वाचू शकत नाही. तो इलियट आणि डाउसन यांनी इंग्रजीत दिलेले उतारे पाहतो (त्यांच्या मालेचा सातवा खंड, १८७७), जदुनाथ सरकारांनी केलेला 'मआसिर'चा इंग्रजी अनुवाद पाहतो (१९४७), किंवा सेतुमाधवराव पगडी यांनी मराठीत आणलेली फार्सी साधने वाचतो. अनेकदा तो यांपैकी काहीच न पाहता बेंद्रे यांचे 'छत्रपती संभाजी महाराज' (१९६०) किंवा कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' वाचतो. यात कमीपणा काहीच नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा तो वाचतो बेंद्रे आणि तळटिपेत लिहितो खाफीखान. जे पाहिले नाही त्याचा संदर्भ देणे ही फसवणूकच आहे, जरी मजकूर योगायोगाने बरोबर असला तरी. अशा वेळी 'खाफीखान, बेंद्रे १९६० मध्ये उद्धृत' अशी नोंद करावी. इलियट आणि डाउसन यांच्याबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते: तो संपूर्ण अनुवाद नसून निवडलेले उतारे आहेत. तिथे एखादी गोष्ट आढळली नाही म्हणून ती मूळ ग्रंथात नाही, असे म्हणता येत नाही.

रामशेज या नावाविषयी, रामाने येथे विश्रांती घेतली, त्याची शेज येथे होती, अशी लोककथा आहे. लोककथेलाही संदर्भ देता येतो आणि द्यावा. कोणी सांगितली, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, सांगणाऱ्याचे अंदाजे वय काय, नोंद कोणी केली, एवढे लिहिले की ती मौखिक साधन ठरते. सांगणाऱ्याची संमती घ्यावी. त्याने नाव देऊ नका म्हटल्यास ते देऊ नये. 'असे म्हटले जाते' या शब्दांमागे कोणीही नसते.

मांडणीच्या पद्धती

जगभर प्रचलित असलेल्या पद्धती ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरातच कंसात आडनाव आणि वर्ष येते. सामाजिक शास्त्रांत वापरली जाणारी एपीए ही या प्रकारची असून तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. साहित्याच्या अभ्यासात प्रचलित असलेली एमएलए पद्धत कंसात लेखक आणि पृष्ठ देते. शिकागो पद्धतीत तळटिपांचा आणि लेखक-वर्षाचा असे दोन्ही पर्याय आहेत. इतिहासाचे अभ्यासक तळटिपा पसंत करतात. विज्ञान आणि वैद्यक यांत क्रमांक देण्याच्या पद्धती रूढ आहेत.

मराठी विभागांतून मात्र सर्वांना बांधणारी एकच पद्धत रूढ नाही. विद्यापीठ, नियतकालिक किंवा मार्गदर्शक सांगेल ती पाळावी लागते. कोणती निवडली यापेक्षा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच पाळली का, हे परीक्षक आधी पाहतात.

संदर्भ-व्यवस्थापक साधने

संदर्भ-व्यवस्थापक म्हणजे मूलतः नोंदींचा कोश. प्रत्येक साधनाची एक नोंद असते आणि तिच्यात लेखक, शीर्षक, संपादक, अनुवादक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे यांसाठी वेगळे रकाने असतात. लिहिताना मजकुरात हव्या त्या ठिकाणी नोंद निवडली की साधन तेथे संदर्भ घालते आणि शेवटी सूची आपोआप तयार करते. पद्धत बदलायची झाल्यास एका आज्ञेने सर्व संदर्भ नव्या रूपात येतात. दीडशे-दोनशे संदर्भांचा प्रबंध हाताने एका पद्धतीतून दुसरीत नेण्यासाठी जे श्रम पडत, ते ज्यांनी केले आहेत त्यांनाच या सोयीची किंमत कळेल. मध्ये नवी टीप घातल्यावर पुढचे क्रमांक आपोआप सरकतात, हाही मोठा लाभ.

झोटेरो हे साधन अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातील रॉय रोझेन्झ्वाइग केंद्रात २००६ मध्ये निर्माण झाले. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे; वर्ड, लिब्रे ऑफिस आणि गूगल डॉक्स यांच्याशी जोडता येते. त्याचे खाते उघडल्यास ३०० मेगाबाइट जागा विनाशुल्क मिळते. केवळ नोंदींसाठी ती जागा खर्च होत नाही. सोबत पीडीएफ ठेवल्या की ती लवकर संपते. मेंडली हे साधन २०१३ पासून एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे आहे. एंडनोट सशुल्क आहे. गणित आणि भौतिकी यांत लाटेक्ससोबत १९८५ पासूनचे बिबटेक वापरले जाते. देवनागरी मजकुरासाठी त्याऐवजी युनिकोड जाणणारे बायबर सोयीचे पडते. मराठी माध्यमाच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी झोटेरो हा सर्वसाधारणपणे योग्य आरंभ आहे, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि नोंदी दुसऱ्या साधनात नेता येतात.

ही साधने माहिती बाहेरून ओढून घेतात. पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय क्रमांक दिला की बाकीचे रकाने भरले जातात. आयएसबीएन २००७ पासून तेरा अंकी आहे. त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी क्रमांक आढळतो, आणि त्याहून जुन्या पुस्तकांवर कोणताच नसतो. आपोआप भरलेल्या नोंदीवर विसंबून राहण्याची सवय येथे घातक ठरते. यंत्राने आणलेली प्रत्येक नोंद हातातील पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. मुखपृष्ठाशी नव्हे, कारण मुखपृष्ठावर वर्ष आणि आवृत्ती सहसा नसते.

मराठी साधनांच्या अडचणी

व्यवस्थापक साधनांची रचना इंग्रजी प्रकाशनव्यवहार गृहीत धरून झालेली आहे. मराठी पुस्तक त्यात बसवताना काही ठिकाणी घासाघीस होते.

पहिली अडचण नावांची. मराठी नावाचे तीन भाग असतात आणि लेखक बहुधा आद्याक्षरांनी ओळखला जातो. एका नोंदीत 'वि. का. राजवाडे', दुसरीत 'राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ', तिसरीत रोमन लिपीतील नाव असे झाले, तर साधनाच्या दृष्टीने ते तीन वेगळे लेखक असतात. टोपणनावांची गुंतागुंत आणखी वेगळी. नाशिकचे विष्णु वामन शिरवाडकर यांनी कविता 'कुसुमाग्रज' या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. 'विशाखा' आणि 'नटसम्राट' यांचा लेखक एकच असला तरी सूचीत ही पुस्तके 'क' आणि 'श' खाली विखुरतात. शीर्षकपृष्ठावर जे नाव आहे तेच नोंदीत ठेवणे आणि दुसऱ्या नावाखाली 'पाहा' अशी सूचना देणे, हा ग्रंथपालांचा जुना मार्ग येथेही उपयोगी आहे. 'लोकहितवादी', 'कुसुमाग्रज' अशी नावे एकाच रकान्यात भरावीत. आडनाव आणि नाव असे तोडू नयेत. 'तर्कतीर्थ', 'महामहोपाध्याय', 'डॉ.' या उपाधी वर्णक्रमात धरत नाहीत.

दुसरी अडचण वर्षाची. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा फक्त शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८२० म्हणजे १८९८-९९. महिना ठाऊक नसेल तर दोन्ही वर्षे द्यावीत आणि मूळ शकही ठेवावा. वर्षच छापलेले नसेल तर अंदाजाने भरण्याऐवजी 'वर्ष नमूद नाही' असे लिहावे.

तिसरी अडचण आंतरजालावरील चित्रप्रतींची. जुनी मराठी पुस्तके आता पीडीएफ स्वरूपात मिळतात, ही मोठी सोय आहे. परंतु त्या साठ्यांतील शीर्षके घाईने रोमन लिपीत उतरवलेली असतात. र्‍हस्व-दीर्घ तर राहोच, लेखकाच्या जागी प्रकाशक आणि वर्षाच्या जागी पुनर्मुद्रणाचे साल असेही घडते. व्यवस्थापक ही चूक जशीच्या तशी उचलतो. शिवाय पडद्यावर दिसणारा पीडीएफचा पृष्ठांक आणि पुस्तकावर छापलेला पृष्ठांक यांत प्रस्तावनेच्या पानांएवढे अंतर पडते. संदर्भात नेहमी छापील पृष्ठांक द्यावा.

याशिवाय निवडलेल्या शैलीत मराठी शब्दांची सोय नसेल तर देवनागरी नोंदीत 'संपा.' किंवा 'आणि' यांच्या जागी इंग्रजी शब्द येतात. ते शेवटच्या प्रतीत हाताने बदलावे लागतात. त्यासाठी आधी एक वेगळी प्रत जतन करून ठेवणे शहाणपणाचे, कारण हाताने केलेला बदल साधन पुढच्या वेळी पुसून टाकते. मराठी आणि इंग्रजी ग्रंथांची सूची एकत्र करावी की वेगळी, याबाबत मतभेद आहेत. मराठी प्रबंधांत दोन स्वतंत्र सूची देण्याची रीत वाचकाला सोपी जाते.

वाङ्मयचौर्य आणि नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्यास प्रतिबंध यांविषयी विनियम लागू केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत सादर करावी लागते. चाळीस ते साठ टक्क्यांसाठी एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही. साठ टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे भाग मोजणीतून वगळलेले आहेत. म्हणजे अवतरणचिन्ह आणि संदर्भ हे दोन्ही असतील तर उतारा विद्यार्थ्याच्या विरोधात जात नाही.

या टक्केवारीने एक विचित्र सवय मात्र लावली आहे. शब्द इकडचे तिकडे करून आकडा दहाच्या खाली आणला की काम झाले, अशी समजूत पसरते. साम्य मोजणारी प्रणाली शब्द जुळवते. विचार कोणाचा हे तिला कळत नाही. इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत भाषांतर करून श्रेय न देता वापरले, तर प्रणाली कदाचित मौन राहील, पण ते वाङ्मयचौर्यच आहे. उलट, दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला तरी संदर्भ द्यावा लागतो, ही गोष्ट पदवीच्या वर्गापर्यंत अनेकांना कोणी सांगितलेली नसते. शाळेत 'स्वतःच्या शब्दांत लिहा' एवढीच सूचना मिळते आणि तेवढ्याने लेखन स्वतःचे झाले असे वाटू लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवादप्रणालींनी नवी अडचण आणली आहे. विचारल्यावर त्या संदर्भांची यादी देतात, पण तीतील एखादे पुस्तक कधीच प्रसिद्ध झालेले नसते किंवा खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेला निबंध घातलेला असतो. अशी नोंद व्यवस्थापकात टाकली की ती इतर खऱ्या नोंदींइतकीच सुबक दिसते.

मराठी विकिपीडियावरील संदर्भ

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर माहिती पडताळण्याजोगी असावी असा संकेत आहे. ज्या विधानाला आधार दिलेला नाही तेथे 'संदर्भ हवा' असा साचा लावता येतो. पुस्तक, वृत्तपत्र, संकेतस्थळ यांसाठी वेगवेगळे साचे असून त्यांतील रकाने व्यवस्थापक साधनांतील रकान्यांशी बरेचसे जुळतात. येथे विशेष सावधगिरी बाळगावी लागते ती वर्तुळाकार संदर्भांबाबत: विकिपीडियावरील बिनआधार वाक्य एखादे संकेतस्थळ उचलते आणि काही महिन्यांनी तेच संकेतस्थळ त्या वाक्याचा आधार म्हणून लेखात जोडले जाते. किल्ल्यांविषयीच्या लेखांत असे घडणे विशेष सोपे असते. शोधनिबंधात विश्वकोशाचा लेख अंतिम आधार म्हणून देऊ नये. त्याच्या तळाशी दिलेल्या साधनांपर्यंत जावे आणि ती तेथे खरोखर तेच सांगतात का, हे पाहावे. मराठी विश्वकोशाच्या नोंदींखालीही संदर्भग्रंथ दिलेले असतात.